ऑक्सिमीटरवर 98, तरीही झटका

करोनाच्या दिवसांत लालबाग-परळच्या चाळींत घरोघरी ऑक्सिमीटर आला आणि तो अजून शोकेसच्या खणात पडून आहे. आता कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोबडी वळली, म्हणजे पक्षाघाताचा झटका आला, की शेजारीपाजारी आधी तोच शोधतात. आकडा दिसतो 98. ‘ऑक्सिजन तर बरोबर आहे, जरा पडू दे त्यांना, सकाळी डॉक्टरांना दाखवू.’ या यंत्राबद्दलचे गैरसमज पुष्कळ आहेत, पण सगळ्यांत महागात पडतो तो हाच.

ऑक्सिमीटर बोटातून दोन प्रकारचा प्रकाश सोडतो, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. ऑक्सिजन घेतलेलं आणि न घेतलेलं हिमोग्लोबिन हे प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. नाडीच्या ठोक्यासरशी बदलणारा भाग तेवढा वेगळा काढायचा, ही 1970 च्या दशकातली जपानच्या ताकुओ आओयागी यांची कल्पना. तिच्यामुळे सुई न टोचता कळतं ते एवढंच, की फुप्फुसांनी रक्तात ऑक्सिजन भरला आहे. ते रक्त मेंदूत पोचतंय का, हे बोटाला कळणार कुठून? गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली असली, तरी दुसऱ्या मजल्याचा पाइप तुंबला की तिथला नळ कोरडाच. मुंबईत 2005-06 मध्ये महापालिकेच्या एका वॉर्डात पक्षाघाताची नोंद ठेवली गेली, तेव्हा पहिला झटका आलेल्यांपैकी सुमारे 80 टक्के जणांची रक्तवाहिनी अशीच तुंबलेली निघाली.

वाहिनी तुंबवणारी रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटक्यानंतर साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे सीटी स्कॅनवर बघितल्यावरच. म्हणून 108 ला फोन करायचा, माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवायची आणि सीटी स्कॅन चालू असलेलं रुग्णालय गाठायचं. आकडा 98 असो की 92.

‘निदान ऑक्सिजन तरी लावा,’ हा आग्रह रुग्णालयात नेहमी ऐकू येतो. त्यामागची माया खरी आहे. पण ब्रिटनमध्ये 8003 रुग्णांवर झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गरज नसताना सरसकट दिलेल्या ऑक्सिजनने तीन महिन्यांनंतरचं अपंगत्व कमी झालं नाही. पातळी 94 च्या वर असेल तर मास्क लावला नाही म्हणून हयगय झाली असं समजू नये.

मग मेंदूतला ऑक्सिजन बाहेरून मोजताच येत नाही का? येतो, थोडाफार. 1977 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात फ्रान्स योबसिस यांनी दाखवलं, की अवरक्ताजवळचा प्रकाश कवटीतून आरपार जातो. त्यावर चालणारी पट्टी कपाळाला चिकटवतात. तिचा आकडा पाहून नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो, कारण तो 65 वगैरे असतो. पण ही पट्टी बहुतांशी ऑक्सिजन देऊन परतणारं रक्त मोजते, त्यामुळे साठ-सत्तर हे तिथे सर्वसाधारण आहे. तिला दिसतो कपाळामागचा वरवरचा थर; मागच्या बाजूला किंवा खोलवर बसलेला झटका तिच्या टप्प्यात येत नाही. म्हणून हृदयाच्या शस्त्रक्रियेत आकडा घसरतोय का, यावर नजर ठेवायला ती कामाची; झटक्याचं निदान तिच्यावर होत नाही.

मग बोटाची क्लिप बिनकामाची का? मुळीच नाही. झटक्याने गिळण्याचे स्नायू ढिले पडतात. घरी मायेने पाजलेलं घोटभर पाणी किंवा चहा श्वासनलिकेत उतरतो, आणि पुढे न्यूमोनिया होऊन आकडा खरोखर पडतो. झोपेत घोरताना श्वास अडकला तरी तो पडतो. म्हणून रुग्णालयात गिळणं तपासल्याशिवाय रुग्णाला तोंडाने काही देत नाहीत, आणि क्लिप रात्रभर बोटाला असते. आकडा उतरू लागला की सिस्टर मान सरळ आहे का, घशात काही अडकलंय का, छातीत घरघर आहे का, हे बघतात, आणि मग ऑक्सिजन लावतात.