दप्तर कोणाच्या बगलेत?

बालाघाटाच्या उतारावर, पाटोद्याकडच्या शिवारात फोनला रेंज असेलच याचा भरवसा नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढायचा, नोंद करायची आणि ती गाव नमुना १२ मध्ये जायची. रेंज नसेल तर नोंद तोवर फोनमध्येच थांबते. ती जिथे थांबते आणि जिथे पोचायची असते, ते डेटाबेसचे दोन वेगळे प्रकार आहेत.

पहिला प्रकार म्हणजे जुन्या तलाठ्याच्या बगलेतले दप्तर. प्रोग्राम स्वतःच फाइल उघडतो, वाचतो, लिहितो. मध्ये कोणी नाही. एसक्यूलाइट हा त्यातला सर्वांत पसरलेला. रिचर्ड हिप अमेरिकी नौदलाच्या युद्धनौकेसाठी काम करत होते. सर्व्हर बंद पडला की त्यांचा प्रोग्राम अडायचा आणि दोष प्रोग्रामच्या माथी यायचा. म्हणून २००० साली त्यांनी सर्व्हरच नको असलेला डेटाबेस लिहिला. आज तो प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे; आपले व्हॉट्सअ‍ॅपचे निरोपही त्यातच साठतात.

दुसरा प्रकार तहसिलीच्या खिडकीसारखा. पोस्टग्रेस किंवा ओरॅकलमध्ये वहीला हात लावता येत नाही. मागणी करायची, लिहिणारा आतला. शेकडो जण एकदम आले तरी कोणाला अधिकार आहे, कोणी थांबायचे, हे तोच ठरवतो. एसक्यूलाइटच्या एका फाइलमध्ये वाचणारे कितीही चालतात, लिहिणारा मात्र एका वेळी एकच. एका फोनला तेवढे पुरते, जिल्ह्याला नाही.

या दोहोंची तुलना बहुधा वेगावर होते. ती मला अपुरी वाटते. नेटवर्कची फेरी वाचत असल्याने लहान कामात फाइलच अनेकदा सरस ठरते. खरा प्रश्न कोणाची नोंद धरायची, हा आहे. लिहिता लिहिता बॅटरी संपली तरी एसक्यूलाइट अर्धवट नोंद ठेवत नाही: पूर्ण, नाहीतर काहीच नाही. पण सरकारी दप्तर फोनमधले पाहत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडची ऊसतोड जोडपी कारखान्यांकडे निघतात. न पाठवलेली नोंद फोनसोबत ट्रकमध्ये गेली, तर तूर रानात उभी आणि नमुना १२ मधला रकाना कोरा.

आता समजा, सामाईक गटात एका भावाने तूर लिहिली, दुसऱ्याने त्याच तुकड्यावर कापूस. दोघांच्या फोनमध्ये सगळे बिनचूक. विसंगती दिसते ती दोन्ही नोंदी सर्व्हरवर आल्यावरच, आणि तिथे बसून त्याला तूर की कापूस ते कळत नाही. त्यासाठी कोणीतरी बांधावर जावे लागते.