गाडी धुतल्यावर खालून ऑइल मारून घेताय? रबरी बुश खराब होतील!

गाडी वॉशिंगला नेली, खालून पाण्याने धुतली की शेवटी जळक्या ऑइलचा नाहीतर डिझेलचा फवारा मारून घ्यायचा, ही आपल्याकडची जुनी सवय. गंज लागत नाही आणि करकर थांबते, असा त्यामागचा हिशेब. लोखंडाला त्याचा थोडाफार उपयोग होतो. पण त्याच फवाऱ्यात सस्पेन्शनचे रबरी बुश भिजतात आणि नुकसान तिथेच सुरू होतं.

बुश काय काम करतो?

चाकाचा आर्म जिथे चासीला जोडतो तिथे, शॉकअपच्या टोकांना आणि बऱ्याच गाड्यांत कमान पाट्याच्या डोळ्यातही रबरी बुश असतो. खड्ड्याचा दणका तो गिळतो आणि चाक आपल्या जागेवर धरून ठेवतो. बुश गेला की गाडी एका बाजूला ओढते, टायर एकाच कडेने झिजतो, ब्रेक मारल्यावर स्टेअरिंग हलतं. पिकअप मालाने भरलेली असेल किंवा जीपमध्ये माणसं बसलेली असतील तर हा जिवाशी खेळ आहे.

ऑइलने रबर का बिघडतं?

अनेक बुश नैसर्गिक रबराचे किंवा त्याचं मिश्रण असलेले असतात. खनिज तेल आणि हे रबर यांची घडण मिळतीजुळती असते, म्हणून तेल रबरात मुरतं. रबर फुगतं, मऊ पडतं आणि ताकद गमावतं. इंजिन ऑइल, डिझेल, रॉकेल, साधं ग्रीस, गंज सोडवणारा स्प्रे, सगळ्यांचा कमीजास्त हाच परिणाम. दोन दिवस आवाज बंद होतो, म्हणून माणसाला वाटतं काम झालं.

खात्री करायची असेल तर साधे पिवळे रबरबँड घ्या. एक वाटीत डिझेल टाकून त्यात बुडवा, दुसरा एरंडेल तेलात. दुसऱ्या दिवशी डिझेलमधला फुगून लांबलेला दिसेल आणि ओढला की सहज तुटेल. एरंडेलातला जवळपास होता तसाच राहील.

मग लावायचं काय?

• सिलिकॉन ग्रीस : नैसर्गिक रबराला चालतं, पाण्याने लवकर धुपत नाही. स्प्रे घेतला तर डब्यावर रबरासाठी सुरक्षित असल्याचं लिहिलंय का ते बघा, कारण काही स्प्रेमध्ये पेट्रोलियमचा अंश असतो.

• लाल रबर ग्रीस : हे एरंडेलापासून बनतं, ब्रेकच्या रबरी भागांसाठी वापरतात. ब्रेकचं सामान विकणाऱ्या दुकानात विचारा.

• साबणाचं पाणी : नवा बुश दाबून बसवताना एवढं पुरतं. नंतर ते वाळून जातं.

घरातलं शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं तेल नको. ते पुढे चिकट होतं आणि धूळ धरतं.

प्रत्येक बुशला ग्रीस लागत नाही

आतबाहेर लोखंडी नळी आणि मधे चिकटवलेलं रबर, अशा बुशला ग्रीस लागतच नाही. तिथे काही घसरत नाही, रबर फक्त पिळलं जातं. असा बुश आवाज करत असेल तर तो बहुधा फाटलाय, बदलायलाच हवा. नवा बसवताना बोल्ट सैल ठेवून गाडी चाकांवर उभी करा आणि मगच शेवटचा आवळा द्या. हवेत लटकलेल्या चाकावर आवळला तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

पॉलीयुरेथेनचे बुश वेगळे, त्यांना कंपनीने सांगितलेलं ग्रीस लावावं लागतं. जिथे ग्रीसचं निपल आहे आणि आत धातूचा बुश आहे, तिथे मात्र नेहमीचं ग्रीस गनने भरायचंच.

आवाज कुठून येतोय, आधी ते शोधा

गाडी सपाट जागी उभी करा. एकाने बोनेटजवळून गाडी दाबून हलवावी, दुसऱ्याने बाजूने एकेका बुशवर साधं पाणी मारावं. ज्यावर पाणी पडताच करकर थांबते, दुखणं तिथे आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरू नका, आधी भक्कम स्टँड लावा.

फवारा आधीच मारून झाला असेल तर बुश साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडे करा. तडा गेलाय का, रबर बाहेर आलंय का, तेही बघून घ्या. पुढच्या वॉशिंगला मात्र फवारा मारणाऱ्याला आधीच सांगा, "दादा, बुशवर ऑइल नको."