दोन घड्याळांची साक्ष

२८ जुलै १९९६. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात टिनमथ गावापासून सुमारे सहा मैलांवर समुद्रात मासेमारी करणाऱ्या बापलेकांनी ट्रॉलरचं जाळं वर ओढलं, तेव्हा त्यात माशांबरोबर एका पुरुषाचं प्रेत आलं. डोक्याला मार होता, खिसे रिकामे होते. आठवडाभर पाण्यात राहिलेल्या चेहऱ्यावरून ओळख पटणं शक्य नव्हतं. हातावर मेपलच्या पानाचं गोंदण होतं आणि मनगटावर रोलेक्स घड्याळ. त्याच जाळ्यात साडेचार किलोंचा एक लोखंडी नांगरही आला होता, पण त्या दिवशी त्याचं महत्त्व कोणाच्या ध्यानात आलं नाही.

मृताचं नाव शोधायला पोलिसांच्या हाती त्या घड्याळाएवढा भक्कम दुवा दुसरा नव्हता. अशा घड्याळाच्या कवचावर, पट्टा जिथे अडकवतात त्या खाचेत, कारखान्यात क्रमांक कोरलेला असतो. घड्याळ दुरुस्तीला गेलं की तो क्रमांक आणि मालकाचं नाव दप्तरात चढतं. कंपनीच्या जुन्या नोंदी चाळल्यावर नाव मिळालं : रोनाल्ड प्लॅट.

प्लॅटनं घर भाड्यानं घेताना ओळखीचा माणूस म्हणून डेव्हिड डेव्हिस असं नाव आणि त्याचा फोन नंबर दिला होता. पोलिसांनी फोन केला. डेव्हिस सहकार्याच्या सुरात बोलला, प्लॅट फ्रान्सला गेल्याचं त्यानं सांगितलं. पुढे त्याला भेटण्यासाठी एक पोलीस एसेक्स परगण्यातल्या त्याच्या गावी गेला आणि चुकून शेजारच्या दारावर त्यानं थाप दिली. बाजूच्या घरात डेव्हिस राहतात ना, असं विचारल्यावर शेजारी म्हणाला, तिथे तर रॉन प्लॅट राहतात. ज्याचं प्रेत शवागारात होतं, त्याच्याच नावानं एक माणूस त्या घरात बिनघोर नांदत होता.

त्या माणसाचं खरं नाव अल्बर्ट वॉकर. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातला हा वित्तीय सल्लागार. लोकांनी विश्वासानं सोपवलेल्या लाखो डॉलरची अफरातफर करून तो १९९० च्या अखेरीस पळाला आणि डेव्हिस या नावानं इंग्लंडमध्ये हॅरोगेटला स्थिरावला. तिथे त्यानं प्लॅटशी मैत्री जोडली. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या प्लॅटचं बालपण काही काळ कॅनडात गेलं होतं आणि तिथे परत जाण्याची त्याला मनापासून ओढ होती. वॉकरनं ती ओढ हेरली. प्लॅट आणि त्याची मैत्रीण यांना त्यानं कॅनडाची तिकिटं भेट दिली. व्यवसायाच्या कामासाठी लागतील म्हणून प्लॅटचा जन्मदाखला आणि सहीचा शिक्का मात्र आपल्याजवळ ठेवून घेतला. १९९३ मध्ये प्लॅट कॅनडाला गेला आणि त्याच्या माघारी वॉकर ‘रोनाल्ड प्लॅट’ झाला.

हे इतक्या सहज कसं जमलं? जन्मदाखला एवढंच सांगतो, की अमुक दिवशी अमुक नावाचं मूल जन्मलं. आज तो हातात घेऊन उभा असलेला माणूस म्हणजेच ते मूल, हे त्या कागदात कुठेही लिहिलेलं नसतं. त्याच्यावर बोटाचा ठसा नसतो, चेहरा नसतो. तरीही त्याच्या आधारानं बँकेत खातं निघतं, खात्याच्या आधारानं कार्ड मिळतं, त्या दोन्हींच्या आधारानं घर. प्रत्येक नवा कागद आधीच्या कागदावर विश्वास ठेवतो आणि मुळाशी असलेली पोकळी कोणी तपासत नाही. माणूस प्रत्यक्ष परत आला तरच ही उतरंड कोसळते. १९९५ मध्ये प्लॅट परत आला. एका नावाची दोन माणसं इंग्लंडमध्ये राहू लागली आणि त्यातल्या एकानं दुसऱ्याला संपवायचं ठरवलं.

वॉकरवर खुनाचा आरोप सिद्ध करायचा, तर प्लॅट नेमका केव्हा मेला हे ठरवायला हवं होतं. आठवडाभर खाऱ्या पाण्यात राहिलेल्या शरीरावरून मृत्यूची वेळ तासांच्या हिशेबात सांगता येत नाही. पाण्याचं तापमान, खोली, प्रवाह, जलचर या सगळ्यांमुळे कुजण्याचा वेग बदलतो. इथे पुन्हा ते घड्याळ कामी आलं.

प्लॅटचं घड्याळ स्वयंचलित होतं. त्यात बॅटरी नसते. आत अर्धचंद्राच्या आकाराचं एक धातूचं वजन आसावर मोकळं फिरत असतं. हात हलला की ते फिरतं आणि दातेरी चाकांमधून मुख्य स्प्रिंगला पीळ देतं. पुढे तो पीळ हळूहळू सुटत जातो आणि काटे चालतात. म्हणजे त्या घड्याळाला चालवणारी ऊर्जा मुळात माणसाच्या हालचालीची असते. हात थांबला की साठवलेल्या ऊर्जेवर ते आणखी सुमारे दोन दिवस चालतं आणि मग थांबतं.

पण समुद्राच्या तळाशी ते पाणी शिरल्यामुळे बंद पडलं असतं, तर हा हिशेब निरुपयोगी ठरला असता. रोलेक्सनं १९२६ मध्ये स्क्रूसारख्या घट्ट बसणाऱ्या चावीचं जलरोधक कवच आणलं होतं. पुढच्याच वर्षी मर्सिडीज ग्लाइत्झा ही जलतरणपटू असं घड्याळ बरोबर घेऊन इंग्लिश खाडीच्या थंडगार पाण्यात दहा तासांहून अधिक काळ पोहली होती. जवळपास सात दशकांनी त्याच खाडीत प्लॅटच्या घड्याळाच्या कवचानं पाणी बाहेर ठेवलं. घड्याळ थांबलं ते स्प्रिंगचा पीळ संपल्यावर. तारखेच्या खिडकीत आकडा होता २२. दोन दिवस मागे गेलं की येते २० जुलै.

एवढ्यावर कोणाला दोषी ठरवणं मात्र धोक्याचं होतं. अशा घड्याळातली तारखेची चकती प्रत्येक महिना ३१ दिवसांचा धरते. जून संपला की मालकानं ती हातानं एक दिवस पुढे सरकवावी लागते. प्लॅटनं तसं केलंच असेल, याची हमी घड्याळ देत नाही. शिवाय पाण्यातल्या हेलकाव्यांनी निर्जीव हात हलून स्प्रिंगला थोडा जादा पीळ मिळण्याची शक्यता उरते. एका यंत्राचं म्हणणं पडताळायचं, तर त्याच्याशी काहीही संबंध नसलेलं दुसरं यंत्र हवं.

ते वॉकरच्या ‘लेडी जेन’ या नौकेवर सापडलं : जीपीएस ग्राहक. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरणारे उपग्रह अणुघड्याळांवरून वेळेचे संकेत पाठवत असतात. किमान चार उपग्रहांचे संकेत किती वेळात पोहोचले, यावरून ग्राहक स्वतःची जागा काढतो. संकेत प्रकाशाच्या वेगानं येतात, त्यामुळे एका सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाची चूक झाली तरी जागा ३०० मीटरनं हुकते. त्या काळात अमेरिकी लष्कर नागरी वापरासाठीच्या संकेतांमध्ये मुद्दाम थोडी चूक मिसळत असे. तरीही शे-दीडशे मीटरची चूक इथे क्षुल्लक होती. ग्राहकाच्या स्मृतीत शेवटची नोंद होती ती २० जुलै १९९६, रात्री ८.५९ ची, आणि जागा होती प्रेत सापडलं तिथून काही मैलांवर. एक घड्याळ मेलेल्या माणसाच्या मनगटावर, दुसरी घड्याळं अंतराळात. दोन्हीकडून आलेला दिवस एकच.

तिसरा पुरावा रसायनाचा. लोखंड गंजू नये म्हणून नांगराला वितळलेल्या जस्तात बुडवून त्याचा थर देतात. प्लॅटच्या चामडी पट्ट्यावर जस्ताचे अंश आढळले. नांगर पट्ट्यात अडकवून त्याला समुद्रात लोटलं गेलं, हा सरकार पक्षाचा दावा त्यामुळे पक्का झाला. तसाच नांगर विकत घेतल्याची नोंदही मिळाली, आणि पैसे दिले गेले होते ते प्लॅटच्याच नावाच्या कार्डावरून. जुलै १९९८ मध्ये एक्सेटरच्या न्यायालयात ज्यूरीनं वॉकरला दोषी ठरवलं. त्याला जन्मठेप झाली.

आज आपल्याकडे ओळख शरीराशी बांधायचा प्रयत्न झाला आहे. आधारच्या मुळाशी बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांची नोंद असते. पण पुण्यामुंबईत खोली भाड्यानं घेताना, नव्या रूममेटबरोबर करार करताना आपण आधारची झेरॉक्स पुढे करतो, त्या क्षणी ते बंधन तुटतं. झेरॉक्सला बोट नसतं, डोळा नसतो. ती पुन्हा प्लॅटच्या जन्मदाखल्यासारखा नुसता कागद होऊन बसते. म्हणून जिथे चालतं तिथे शेवटचे चारच आकडे दाखवणारं ‘मास्क्ड आधार’ द्यावं, प्रतीवर तारीख आणि कारण लिहावं, बायोमेट्रिक कुलूप लावून ठेवावं. आणि मूळ दाखले, ओटीपी, कोऱ्या कागदावरची सही कितीही जिवलगाच्या हाती सोपवू नये. प्लॅट मूर्ख नव्हता. एका मित्रानं त्याचं स्वप्न पुरं करून दिलं होतं आणि अशा माणसाकडे कागद ठेवताना कोणालाही संकोच वाटला नसता.

वॉकरनं एका माणसाचे सगळे कागद मिळवले, तरी पकडला गेला. कारण उरलेल्या नोंदी त्याच्या हाताबाहेर होत्या : घड्याळाच्या दुरुस्तीच्या दप्तरात, उपग्रहांच्या संकेतांत, जस्ताच्या कणांत, शेजाऱ्याच्या आठवणीत. यांतल्या कोणालाही दुसऱ्याची खबर नव्हती, म्हणूनच त्यांचं एकमत मोलाचं ठरलं. ओळखीची कोणतीही व्यवस्था उभारताना हेच तत्त्व सांभाळायला हवं. सगळा भरवसा एका क्रमांकावर, एका कार्डावर किंवा एका फोनवर टाकला, तर ती एक गोष्ट हाती लागलेला माणूस आपलं अख्खं आयुष्य उचलू शकतो. वेगवेगळ्या हातांत राहिलेल्या, एकमेकींना पडताळणाऱ्या नोंदीच माणसाचं नाव त्याच्यापाशी ठेवतात.