30 डॉलरच्या बीटवर बनलेलं गाणं 19 आठवडे अमेरिकेत एक नंबरला कसं राहिलं?

2018 साल. अटलांटाकडचा एक पोरगा कॉलेज सोडून बहिणीच्या घरी राहत होता. नाव मॉन्टेरो हिल, इंटरनेटवर लिल नॅस एक्स. त्याने नेदरलँड्सच्या यंगकियोची एक बीट ऑनलाइन 30 डॉलरला घेतली आणि त्यावर 'ओल्ड टाऊन रोड' रेकॉर्ड केलं.

डिसेंबरमध्ये गाणं आलं. मागे मोठी कंपनी नाही. पठ्ठ्याने स्वतःच मीम बनवून ते पसरवलं. मग टिकटॉकवर गाणं वाजलं की लोक काउबॉय होऊ लागले.

मार्च 2019 मध्ये गाणं बिलबोर्डच्या कंट्री चार्टवर 19 व्या नंबरला आलं आणि लगेच काढलंही गेलं. कारण दिलं, यात आजच्या कंट्री संगीताचे पुरेसे गुण नाहीत. गायक काळा आहे म्हणून काढलं, असा आरोप झाला. बिलबोर्डने तो नाकारला.

पण वादाने गाणं आणखी गाजलं. एप्रिलमध्ये कंट्री गायक बिली रे सायरससोबत रिमिक्स आलं. मुख्य चार्टवर, हॉट 100 वर, गाणं सलग 17 आठवडे राहिलं तेव्हाच 16 आठवड्यांचा जुना विक्रम मोडला. मुक्काम 19 आठवड्यांवर थांबला.

आता खरी गोम. त्या बीटमधला तुकडा नाईन इंच नेल्सच्या 2008 च्या अल्बममधला होता आणि त्याची परवानगी आधी घेतलेली नव्हती. ती नंतर मिळवावी लागली. ट्रेंट रेझ्नर आणि अ‍ॅटिकस रॉस यांची नावं गीतकारांमध्ये आली.

म्हणून ऑनलाइन बीट घेताना एवढं नक्की विचारा, यातला आवाज मुळात कुणाचा आहे?