नव्या गाडीच्या रंगातले दोष : गैरसमज आणि वस्तुस्थिती

१९९० च्या जानेवारीत अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, बर्मिंगहॅम शहरी, आयरा गोर नावाच्या डॉक्टरांनी काळी बीएमडब्ल्यू घेतली. किंमत चाळीस हजार डॉलरच्या वर. नऊ महिने गाडी वापरली, रंगाबद्दल कसलीही तक्रार नव्हती. मग ती आणखी चकचकीत करून घ्यावी म्हणून ते एका डिटेलिंगवाल्याकडे गेले, आणि ही गाडी पुन्हा रंगवलेली आहे हे त्याच्या लक्षात आलं. जर्मनीहून येताना, बहुधा आम्लवर्षेमुळे, मूळ रंग खराब झाला होता. कंपनीने जॉर्जियातल्या आपल्या केंद्रात टप, बॉनेट, डिकी वगैरे भाग पुन्हा रंगवले आणि गाडी नवी म्हणून विकली. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या ३ टक्क्यांपर्यंत असेल, तर डीलरलाही काही कळवायचं नाही, असं कंपनीचं धोरणच होतं. या गाडीवर खर्च झाला होता ६०१ डॉलर, म्हणजे साधारण दीड टक्का.

ज्युरीने ४,००० डॉलर भरपाई आणि त्यावर ४० लाख डॉलर दंडात्मक भरपाई मंजूर केली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दंडाची रक्कम निम्मी केली. १९९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तीही अवाजवी ठरवली आणि पुढच्या वर्षी प्रकरण ५०,००० डॉलरवर मिटलं. दंडाला मर्यादा किती, यासाठी हा खटला कायद्याच्या वर्गात शिकवतात. गाडी घेणाऱ्याने मात्र त्यातली दुसरी बाजू पाहावी. नव्या गाडीवर दुसऱ्यांदा रंग चढलेला असू शकतो, आणि तो चांगला चढला असेल तर मालकाला महिनोन्महिने पत्ता लागत नाही. ‘शोरूममधून आली म्हणजे रंग अस्सल’ हा पहिला गैरसमज इथेच संपतो.

‘दोष दिसला? मग तो भाग नवा रंगवून द्या’

सगळ्यात जास्त नुकसान या एका मागणीने होतं, म्हणून याच्यावर जरा थांबू.

कारखान्यात रंग चढतो तेव्हा गाडी म्हणजे नुसता पत्र्याचा सांगाडा असतो. आत सीट नाही, वायरिंग नाही, काच नाही. हा सांगाडा आधी फॉस्फेटच्या आणि मग प्राइमरच्या हौदात अख्खा बुडवतात. त्या हौदात विजेच्या साहाय्याने प्राइमर पत्र्याच्या कानाकोपऱ्यात बसतो. मग मधला थर, मग रंगाचा थर, आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट. रंग आणि क्लिअर कोट साधारण १४० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजले जातात, हौदातला प्राइमर तर त्याहूनही जास्त तापमानाला. सगळे थर मिळून जाडी भरते साधारण १०० ते १३० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

तयार गाडी वर्कशॉपमध्ये येते तेव्हा तिच्यात प्लॅस्टिक, रबर, वायरिंग, इलेक्ट्रॉनिक्स सगळं बसलेलं असतं. ती १४० अंशाला भाजता येत नाही. तिथला रंग वेगळ्या जातीचा, हार्डनर मिसळून लावायचा, आणि बूथमध्ये साधारण ६० अंशाला सुकवायचा. कुशल कारागिराच्या हातचं काम उत्तम होतं, वर्षानुवर्षं टिकतं. पण ते कारखान्यातलं काम नसतं. मेटॅलिक किंवा पर्ल रंग असेल तर प्रश्न वाढतो. एका दरवाजाचा रंग नेमका जुळावा म्हणून शेजारच्या पॅनेलवरही थोडा फवारा मारून तो मिसळवावा लागतो. म्हणजे एका ठिपक्यापायी दोन-तीन पॅनेलचं मूळ काम झाकलं जातं.

दारावर खालच्या बाजूला क्लिअर कोटमध्ये धुळीचा एक कण अडकलेला दिसला, तर तो अतिबारीक पॉलिश पेपरने घासून, वरून पॉलिश करून बहुतेक वेळा निघतो. निघाला नाही तरी माझं स्पष्ट मत आहे : तसाच राहू द्यावा. एका कणासाठी भट्टीत भाजलेला रंग घालवणं हा तोट्याचा व्यवहार आहे.

सगळेच दोष असे किरकोळ नसतात. रंग लागताना पत्र्यावर तेल किंवा सिलिकॉनचा अंश राहिला असेल, तर तिथे बारीक गोल खळगे पडतात. पेंटर त्याला फिश आय म्हणतात. ते पॉलिशने जात नाहीत. रंगाचा मोठा ओघळ, फुगे, सुटणारा थर यांचंही तेच. असे दोष बॉनेटवर किंवा टपावर असतील तर रंगकामाची नव्हे, दुसऱ्या गाडीची मागणी करा, आणि ती रजिस्ट्रेशनच्या आधी करा.

‘रंग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो, म्हणजे गाडी ठोकलेली आहे’

नाही. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दारावर किंचित लहरी दिसणं, हा ऑरेंज पील जवळजवळ प्रत्येक कारखान्याच्या रंगात कमीअधिक असतो. संशय घ्यायचा तो फरकाचा. पुढचा दरवाजा लहरी आणि मागचा आरशासारखा गुळगुळीत, किंवा उलट, असं असेल तर विचारा.

बंपरची छटा बॉडीपेक्षा जराशी वेगळी दिसली तरी लोक धास्तावतात. बंपर प्लॅस्टिकचा असतो, त्यामुळे तो बहुधा वेगळा रंगवला जातो आणि कमी तापमानाला सुकवला जातो. मेटॅलिक रंगातले चमकीचे कण तिथे वेगळे बसतात. थोडा फरक हा अपघाताचा पुरावा नाही.

‘रंगाची जाडी मोजणारं मीटर आणलं की सत्य बाहेर’

हल्ली डिटेलिंगवाले असं मीटर घेऊन गाडी बघायला येतात. साधन चांगलं आहे, पण आकडा वाचता आला पाहिजे. नेहमीचं मीटर फक्त धातूवर चालतं. बंपरवर ते गप्प राहतं. दुसरं, रंगात खोट दिसली म्हणून कारखान्यातच एखादं पॅनेल किंवा अख्खी बॉडी पुन्हा बूथमधून काढतात. अशा ठिकाणी २०० मायक्रॉनच्या वर आकडा येऊ शकतो आणि तरी गाडीला धक्का लागलेला नसतो. पण टपावर ११०, इतर दरवाजांवर १२० आणि एकाच दरवाजावर ६०० किंवा हजार आला, तर खाली पुट्टी आहे असं समजायला हरकत नाही. ती कशासाठी भरली, याचं लेखी उत्तर डीलरकडून घ्या.

मीटर नसेल तर बोटं आणि डोळेही पुष्कळ सांगतात. दाराच्या रबरी पट्टीखाली नखाने रंगाची धार लागते का, काचेच्या बीडिंगवर रंगाचा फवारा उडालाय का, बॉनेटच्या बोल्टवरचा रंग पान्याने खरवडलाय का. बोल्टची खूण एकटी काहीच सिद्ध करत नाही. पार्ट जुळवताना कारखान्यातही पाना फिरतो. दोन-तीन खुणा एकत्र आल्या, तर मात्र त्या सोडू नका.

‘गाडी तपासू देणं ही शोरूमची मेहेरबानी आहे’

हा गैरसमज विक्रेत्यांना सोयीचा आहे, म्हणून टिकून आहे. पाडवा किंवा दसऱ्याचा मुहूर्त, गाडीला हार, समोर नारळ, पेढ्यांचा बॉक्स, घरची सगळी मंडळी फोटोला उभी. अशा वेळी वाकून दाराचा खालचा भाग बघायचा संकोच वाटतो. संकोचाचं काही कारण नाही. १९३० च्या वस्तू विक्री अधिनियमाचं कलम ४१ सांगतं, की वेगळं काही ठरलेलं नसेल तर खरेदीदाराने मागितल्यावर माल तपासायची वाजवी संधी देणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे.

त्याच कायद्याच्या कलम १६ मध्ये दुसरी बाजूही आहे. तुम्ही माल तपासला असेल आणि त्या तपासणीत जो दोष दिसायलाच हवा होता तो तुम्ही पाहिला नाही, तर त्या दोषापुरतं मालाच्या दर्जाबद्दलचं या कलमाचं संरक्षण मिळत नाही. म्हणून तपासणी नावापुरती करू नका.

तपासणीची जागा आहे डीलरचं स्टॉकयार्ड, आणि वेळ आहे गाडीचा चेसिस नंबर तुमच्या नावे लागल्यानंतरची, पण इन्शुरन्स आणि रजिस्ट्रेशनच्या आधीची. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार डीलरला तात्पुरतं किंवा कायमचं रजिस्ट्रेशन झाल्याशिवाय गाडी ताब्यात देता येत नाही. त्यामुळे डिलिव्हरीच्या दिवशी तुम्ही पाहता ती गाडी कागदावर आधीच तुमची झालेली असते, आणि त्या क्षणी ‘दुसरी द्या’ म्हणणं फार अवघड होऊन बसतं. गाडी दिवसाच्या उजेडात आणि कोरडी बघा. ओल्या अंगावर ओरखडे दिसत नाहीत आणि शोरूमच्या दिव्यांत सगळंच चमकतं.

तपासणीआधी गाडीवर टेफ्लॉन किंवा सिरॅमिक कोटिंग मारू देऊ नका, ‘फ्री’ असलं तरीही. खालचे ओरखडे न काढता वर कोटिंग चढलं तर ते काढायला कोटिंगही घासावं लागतं. सिरॅमिकचा थर जेमतेम काही मायक्रॉनचा असतो. हायवेवर उडालेला खडा तो अडवत नाही. त्यासाठी पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची जाड पारदर्शक फिल्म लागते.

‘नवी गाडी महिनाभर धुवायची नाही’ हाही गैरसमजच. भट्टीतून निघालेला रंग पक्का झालेला असतो. थांबायचं असतं ते वर्कशॉपमध्ये पुन्हा रंगवलेल्या भागावर वॅक्स लावायला.

‘रंगात दोष निघाला की कोर्ट नवी गाडी देतं’

ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार ग्राहक आयोग दोष दूर करायला, वस्तू बदलून द्यायला, पैसे परत करायला किंवा भरपाई द्यायला सांगू शकतो. यातलं काय, हे दोष किती खोल आहे त्यावर ठरतं. २००६ मध्ये क्लचच्या दोषावरून झालेल्या मारुती उद्योगच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण गाडी बदलण्याचा आदेश रद्द केला. वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करायचं किंवा बदलायचं बंधन आहे, अख्खी गाडी बदलायचं नाही, असं म्हटलं. दुरुस्त होणाऱ्या रंगासाठी नवी गाडी मिळेल या आशेवर बसू नका.

दुरुस्त केलेली गाडी लपवून नवी म्हणून विकली असेल, तर गोष्ट निराळी. जुना, दुरुस्त केलेला माल नवा म्हणून खपवणं ही २०१९ च्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. डॉ. गोर यांच्यासारखं कुणाचं इथे झालं, तर लढण्यासारखा मुद्दा तो आहे.

त्यासाठी पुरावा पहिल्या दिवसापासून जमवावा लागतो. दोष दिसल्या क्षणी चेसिस नंबरसह फोटो काढा. डिलिव्हरी नोटवर सही करण्याआधी तो दोष तिथेच हाताने लिहा, आणि त्याच दिवशी डीलरला व कंपनीच्या ग्राहक कक्षाला ई-मेल करा. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून आधी पॉलिश मारून घेतलं तर पुरावाच पुसला जातो. वॉरंटी पुस्तिका वाचा. पक्ष्यांची विष्ठा, खडे, कारखान्यांचा धूर यांनी झालेलं नुकसान बहुतेक कंपन्या त्यातून वगळतात आणि तुमचा दोष त्याच खात्यात टाकायचा प्रयत्न होतो. रंगवून घ्यायचंच ठरलं तर कुठलं पॅनेल, किती भाग आणि त्या कामाची वेगळी वॉरंटी किती, हे लिहून घेतल्याशिवाय चावी देऊ नका.

डीलर आणि कंपनी दोघांनीही हात वर केले तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावा. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथेच जाते; ५ लाखांपर्यंत फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये आणि १० ते २० लाखांना ४०० रुपये. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची. शोरूम कुठेही असलं तरी आता तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार नोंदवता येते, म्हणजे पुण्यात गाडी घेतलेल्या सातारकराला त्यासाठी पुण्याच्या खेपा घालाव्या लागत नाहीत.