सुभाष गुप्ते

सुभाषचंद्र पंढरीनाथ गुप्ते (जन्म : ११ डिसेंबर १९२९, मुंबई, मृत्यू : ३१ मे २००२, पोर्ट ऑफ स्पेन, त्रिनिदाद) हे भारताचे लेगस्पिन गोलंदाज होते. ३६ कसोटी सामन्यांत त्यांनी २९.५५ च्या सरासरीने १४९ बळी मिळवले. त्यांचे धाकटे बंधू बाळू गुप्ते हेही कसोटी खेळलेले लेगस्पिनर होत.

कसोटी कारकीर्द

इंग्लंडविरुद्ध १९५१-५२ च्या कलकत्ता कसोटीत त्यांनी पदार्पण केले. परंतु त्यांचे नाव झाले ते १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात. वीक्स, वॉरेल आणि वॉल्कॉट या त्रयीसमोर त्यांनी पाच कसोटींत २७ बळी घेतले. पोर्ट ऑफ स्पेनच्या पहिल्या कसोटीत त्यांनी एका डावात १६२ धावांत ७ गडी बाद केले. याच दौऱ्यात त्यांची त्रिनिदादच्या कॅरल यांच्याशी ओळख झाली व पुढे विवाह झाला. १९५५-५६ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या मालिकेत त्यांनी ३४ बळी मिळवले.

लेगब्रेक टप्पा पडल्यावर उजव्या फलंदाजापासून दूर जातो, तर गुगली तशाच हालचालीतून उलट आत येते. गुप्ते चेंडूला भरपूर उंची देत आणि त्यांची गुगली मनगटावरून ओळखणे फलंदाजांना अवघड जाई. आपण पाहिलेला सर्वोत्तम लेगस्पिनर, असे गॅरी सोबर्स त्यांना मानत.

डिसेंबर १९५८ मध्ये कानपूरच्या ग्रीन पार्कवर वेस्ट इंडीजच्या पहिल्या डावात त्यांनी १०२ धावांत ९ बळी घेतले. त्यांत सोबर्स आणि कन्हाय हेही होते. दहावा बळीही त्यांना मिळू शकला असता. पण त्यांच्या गोलंदाजीवर लान्स गिब्जचा झेल यष्टिरक्षक नरेन ताम्हाणे यांच्याकडून सुटला आणि गिब्जला वसंत रांजणे यांनी बाद केले. त्या काळी भारतीय क्षेत्ररक्षण कच्चे असे, त्याची किंमत फिरकी गोलंदाजांनी मोजली. दोन्ही संघांचा पहिला डाव २२२ वरच संपला, तरीही वेस्ली हॉलच्या ११ बळींपुढे भारत २०३ धावांनी हरला.

निलंबन

डिसेंबर १९६१ मध्ये इंग्लंडविरुद्ध कानपूर कसोटीत गुप्ते यांनी ९० धावांत ५ बळी घेतले व इंग्लंडवर फॉलोऑनची पाळी आली. लगेचच दिल्लीची कसोटी झाली. तेथील हॉटेलात त्यांचे खोलीतील सोबती ए. जी. कृपाल सिंग यांनी स्वागतकक्षातील तरुणीला दूरध्वनी करून पेयपानाचे निमंत्रण दिले. तिने तक्रार केली. दूरध्वनी गुप्ते यांनी केला नव्हता, तरी सोबत्याला रोखले नाही म्हणून क्रिकेट मंडळाने दोघांनाही निलंबित केले. १९६२ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी गुप्ते यांची निवड झाली नाही. ज्याने दूरध्वनी केला तो खेळाडू १९६३-६४ मध्ये पुन्हा कसोटी खेळला. ज्याने केला नाही तो, बत्तिशीतच, कायमचा बाहेर राहिला. फिरकी गोलंदाजाच्या दृष्टीने हे वय परिपक्वतेचे होते.

त्रिनिदाद

यानंतर गुप्ते त्रिनिदादला स्थायिक झाले. तेथे त्यांनी साखर उद्योगात नोकरी केली आणि १९६३-६४ मध्ये त्रिनिदादकडून प्रथम श्रेणीचे क्रिकेटही खेळले. त्यांचे प्रथम श्रेणीतील एकूण बळी ५३०. भारतीय मंडळाने सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार त्यांना दिला तो २००० साली, निलंबनानंतर जवळपास चार दशकांनी.