डबीवर नाव नवऱ्याचं

वंध्यत्वाच्या दवाखान्यातली सगळ्यात स्वस्त तपासणी सगळ्यात शेवटी होते. काही शे रुपये, प्लॅस्टिकची एक डबी आणि तासाभराचं काम. तरी बाईच्या फायलीत नळ्यांचे एक्स-रे, दुर्बिणीचा रिपोर्ट, थायरॉइड, टीबी असा गठ्ठा जमलेला असतो आणि नवऱ्याचा एकही कागद नसतो. वर्ध्यातल्या अशाच एका केंद्रात वीर्य तपासणीच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं काढली. पेशंटला डॉक्टर दिसतात, सिस्टर दिसतात. डबी घेणारे आम्ही खिडकीतून हातापुरतेच दिसतो. म्हणूनच की काय, आमच्यासमोर लोक फार सांभाळून बोलत नाहीत.

समुद्रपूरकडच्या एक मावशी सुनेला घेऊन आल्या होत्या. लग्नाला सात वर्षं झालेली. गिरडच्या दर्ग्याला नवस झाला होता, केळझरच्या गणपतीला झाला होता, सुनेची दोनदा दुर्बीण झाली होती. डॉक्टरांनी मुलाला आणायला सांगितलं, तर मावशी माझ्या खिडकीशी आल्या. "भाऊ, त्याले कायले तपासता? वावरात दोन माणसाचं काम करते तो." पोरगा आला, पण बऱ्याच निरोपांनंतर. रिपोर्ट निघाला 'निल'. शुक्राणू शून्य.

एका 'निल'वर आम्ही कुणाचा निकाल लावत नाही. काही आठवड्यांनी दुसरा नमुना घेतो, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा थेंब न् थेंब पाहतो. मग डॉक्टर हार्मोन तपासतात. कारण शून्याचे दोन प्रकार आहेत: कारखानाच बंद, किंवा कारखाना चालू आणि रस्ता बंद. ह्या पोराचा रस्ता बंद होता. अशा वेळी अंडकोशातून सुईने शुक्राणू काढता येतात आणि एकेक शुक्राणू एकेका स्त्रीबीजात सोडता येतो. हे ऐकून त्या पोराच्या डोळ्यात पाणी आलं. सून मात्र बाहेर येऊन मला हळूच म्हणाली, "भाऊ, आत्याबाईले सांगू नका जी. दोष माझ्यातच आहे म्हणून सांगा. मले सवय झाली."

असं म्हणणारी ती एकटी नव्हती. आम्ही सासूला खोटं सांगत नाही आणि खरंही सांगत नाही; रिपोर्ट ज्यांचा त्यांच्याच हातात देतो. पण निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाचा काही ना काही वाटा असतो, हे ठाऊक असताना त्या बाईचं ते 'सवय झाली' ऐकणं सोपं नसतं.

आता जरा हलकं. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. फॉर्मवर मात्र व्यसनांचा रकाना आहे, कारण दारू आणि तंबाखू दोन्हींचा शुक्राणूंवर परिणाम होतो. सासऱ्यासोबत आलेल्या एका जावयाला मी विचारलं, दारू घेता का? तो छाती काढून म्हणाला, "आपल्या जिल्ह्यात बंदी आहे ना जी!" सासरे समाधानाने बाहेर बसायला गेले. दार लागल्यावर जावईबापू खाली वाकून म्हणाले, "रोज एक क्वार्टर लिहा. अन् खर्रे चार-पाच." तंबाखूचा हा खर्रा सुटायला दारूपेक्षा कठीण, असा माझा अनुभव. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून आज खर्रा सोडला तर उद्याच्या डबीत फरक दिसत नाही. लोक पंधरा दिवसांनी येतात, आकडा तोच पाहतात आणि गेटबाहेरच्या टपरीवर जातात.

नमुना देण्याची खोली हा वेगळाच विषय. पुष्कळ दवाखान्यांत ती म्हणजे संडासाला लागून असलेली, धड कडी न लागणारी जागा असते. बाहेर बाकावर आई, सासू, आत्या. आत माणूस घामाघूम. अर्ध्या तासाने रिकामी डबी परत. ऐन स्त्रीबीजं काढण्याच्या दिवशी असं झालं तर सगळं मुसळ केरात. म्हणून आम्ही बुजऱ्या नवऱ्यांचा एक नमुना आधीच गोठवून ठेवायला शिकलो.

काहींना घरून आणायची मुभा देतो. अटी दोनच: तासाच्या आत पोचवायचं आणि वाटेत डबी अंगाच्या उबेला, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवायची. आर्वीकडच्या एका भल्या माणसाने ती थर्मासमध्ये बर्फावर ठेवून आणली. पोलिओचा डोस असाच नेतात, हे त्याने पाहिलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली एकही हलेना. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. पुढच्या वेळी तो वर्ध्यातल्या मेव्हण्याकडे मुक्कामाला येऊन राहिला आणि नमुना उत्तम निघाला.

थंडीचा प्रश्न निघाला की नायट्रोजनची गोष्ट सांगायलाच हवी. आमच्याकडे गर्भ गोठवून ठेवायचे मोठे धातूचे कंटेनर आहेत, आत उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन. शहरातले पेशंट ते पाहून बिचकतात. आर्वी भागातल्या, घरी गवळाऊ गायी असलेल्या एका शेतकऱ्याने मात्र दारातूनच ओळखलं. "हे तं गुराच्या दवाखान्यातलं होय ना?" कृत्रिम रेतनासाठी पशुवैद्यक गावात येतात तेव्हा हीच भांडी मोटरसायकलला बांधून आणतात. डॉक्टरांना अर्धा तास लागला असता ते त्याने बायकोला दोन वाक्यांत समजावलं. ती लाजून लाल झाली. पण त्या दिवसापासून तिची भीती गेली, एवढं खरं.

गोळ्यांचाही एक किस्सा आहे. स्त्रीबीज वेळेवर तयार होत नसेल, पीसीओडी असेल, तर बहुतेकदा लेट्रोझोल देतात आणि सोनोग्राफीवर बीज वाढताना पाहतात. हे औषध मुळात स्तनाच्या कर्करोगाचं. २०११ साली वंध्यत्वासाठी त्यावर भारतात बंदी आली, २०१७ साली ती उठली. पण उठल्याची बातमी सगळ्या मेडिकलवाल्यांपर्यंत पोचली नसावी. एक ताई अख्खी पट्टी घेऊन परत आल्या: "दुकानदार म्हणते, ही कॅन्सरची गोळी होय. मले कॅन्सर झाला काय?" डॉक्टरांनी त्यांना बसवून सगळं नीट समजावलं. मग त्या म्हणाल्या, "हे पहिलेच सांगाचं ना." बरोबरच होतं त्यांचं.

नव्या टेक्निशियनला मी दोन गोष्टी पहिल्या दिवशी सांगतो. अत्तर, सेंट, सुगंधी तेल काही लावून यायचं नाही, दिवाळीतसुद्धा. गर्भ वाढतात त्या खोलीतली हवासुद्धा गाळलेली असते. आणि डिशवरचं नाव दोघांनी मोठ्याने वाचायचं, बायकोचं आणि नवऱ्याचं, दरवेळी. आमच्या भागात एकाच आडनावाची आणि एकाच नावाची दोन माणसं एकाच सकाळी खिडकीशी उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

तिसरी गोष्ट इतिहासाची. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ला जन्मली, आणि त्यानंतर सत्तरेक दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींच्या प्रयत्नाने दुर्गा. दोघींच्या आयांच्या नळ्या बंद होत्या. मुखर्जींनी गर्भ गोठवून नंतरच्या पाळीच्या चक्रात सोडला होता. आज आम्ही रोज करतो तेच. सरकारी चौकशी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, त्यांची बदली नेत्ररोग संस्थेत झाली आणि १९८१च्या जूनमध्ये त्यांनी आत्महत्या केली. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार ह्यांच्या चमूने ६ ऑगस्ट १९८६ला हर्षाचा जन्म घडवला. पुढे ह्याच आनंद कुमारांनी मुखर्जींची टिपणं वाचली आणि भारतातल्या पहिलेपणाचा मान आपला नसून त्यांचा आहे, असं जाहीरपणे लिहिलं. स्वतःच्या नावावरचा मान असा काढून देणारा शास्त्रज्ञ मला डबीच्या खिडकीतूनही मोठा वाटतो.

पण पाहा, ही सारी विद्या बाईच्या बंद नळ्यांसाठी निघाली. शुक्राणू अगदीच कमी असलेल्या पुरुषाला दात्याच्या वीर्याखेरीज फारसा उपाय नव्हता. तो आला १९९२ साली, ब्रसेल्सहून, तोही चुकून. पालेर्मो नावाचा इटालियन डॉक्टर शुक्राणू बीजाच्या आवरणाखाली सोडत होता, सुई थोडी जास्त आत गेली आणि फलन झालं. समुद्रपूरच्या त्या सुनेला मुलगी झाली ती ह्याच चुकीच्या कृपेने.

प्रत्येक वेळी असं होत नाही. गर्भाशयात धुतलेलं वीर्य सोडण्याच्या साध्या उपायात एका खेपेला यश शंभरात दहा-पंधरांना. आयव्हीएफमध्ये जास्त, पण पस्तिशीनंतर बीजं झपाट्याने कमी होतात आणि त्याची भरपाई कुठलंच यंत्र करत नाही. खर्च एका खेपेला लाख-दीड लाखाच्या घरात. हिंगणघाटकडचं एक जोडपं मागच्या हंगामात आलं होतं. बीजं काढायची सकाळ ठरलेली. नवरा रात्रभर कापसाची गाडी घेऊन जिनिंगच्या रांगेत होता, तिथून थेट आला. केसात रुई, हातात डबी, वेळेवर. तीन गर्भ तयार झाले, एक सोडला, दोन गोठवले. दोन आठवड्यांनी रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह.

पैसे भरायला तो एकटाच आला. गोठवलेले दोन कधी सोडायचे, असं मी विचारलं. "कापसाचे पैसे तं उधारीत गेले जी. तुरी निंगाल्यावर येतो." मी सांगितलं, घाई नाही, कायद्याने दहा वर्षं ठेवता येतात. त्याने पावती घडी करून खिशात घातली.

"एवढे कायले लागते? तुरी जानेवारीत निंगते."